डावा हात वर

हिवरवाडीच्या शाळेत साहेबानं प्रश्न विचारला आणि एखादं पोरगं हात खाली ठेवून बसलं, असं कधी घडलंच नव्हतं. लोहा तालुक्यात शाळा पुष्कळ, पण तपासणीला आलेल्या माणसाला वर्गभर हातच हात दिसावेत अशी शाळा ही एकच. साहेब लोक खूश होत, चांगला शेरा लिहीत, पोहे-चहा घेऊन जात. अण्णाराव गुरुजींचं नाव निघे. केंद्राच्या बैठकीत दुसरे मास्तर त्यांना विचारत, पोरांना खायला घालता तरी काय? गुरुजी नुसते मिशीत हसत.

खायला काही घालत नव्हते. युक्ती साधी होती. उत्तर येतं त्यानं उजवा हात वर करायचा, येत नाही त्यानं डावा. साहेबाला दिसायचे नुसते हात. कुणाला उठवायचं ते गुरुजी सांगायचे, आणि ते उजव्यातल्यालाच उठवायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथं तर उघड्या पंजांनी सगळं झाकलं जाई. गावालाही हे ठाऊक होतं. तुझं पोरगं उजव्यातलं का डाव्यातलं, असं बाया हापशावर एकमेकींना विचारत. पण साहेबाच्या कानावर जाऊ द्यायचं नाही, एवढं शहाणपण सगळ्या गावानं राखलं होतं. शाळेचं नाव तेच गावाचं नाव.

गुरुजी वाईट माणूस नव्हते. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं त्यांचा राग येणार आहे. चार वर्ग आणि दोन मास्तर. पहिली-दुसरी सबिहा मॅडमकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. त्यातही कधी मतदारयाद्या, कधी पोलिओचे डोस, कधी शिरगणती. सरकारला एखादं काम नकोसं झालं की ते मास्तराच्या गळ्यात पडतं. उरलेल्या वेळात सगळ्या पोरांना पुरं पडणं होत नाही, असं गुरुजींनी फार पूर्वीच स्वतःला समजावलं होतं. मग जी शिकण्यासारखी आहेत ती शिकवायची, बाकीच्यांची लाज राखायची. डावा हात हा लाज राखण्यासाठीच होता, असं ते स्वतःशी म्हणत, आणि सुरुवातीला ते खरंही होतं.

शिवकांताच्या बाबतीत तर अगदी खरं होतं. भूकंपात तिकडं औशाच्या बाजूला त्यांचं घर बसलं, बाप ढिगाऱ्यात गेला, आणि आई केवळाबाई या एवढ्याशा पोरीला घेऊन भावाच्या गावाला, हिवरवाडीला आली. हिवरवाडीत भिंतींना तडे गेले होते तेवढेच. पुढच्या जूनमध्ये मामानं, ज्ञानोबानं, पोरीला पहिलीत आणून बसवलं. ती बोलत नव्हती. नाव विचारलं तरी बोलत नव्हती. पत्र्यावर वाळकी लिंबोळी पडली तरी दाराकडं धावायची. सबिहा मॅडम तेव्हा नव्या होत्या, रोज लोह्याहून यायच्या. पोरीला जवळ घ्यायला गेल्या तर ती आणखीच आकसली. शेवटी गुरुजी आले, तिच्यासमोर उकिडवे बसले, तिचा डावा हात धरून अलगद वर केला आणि म्हणाले, "हा हात वर असला ना बाळ, की तुला कुणी काही इचारणार न्हाई. मी बी न्हाई. हा आपला करार."

पोरीनं तो करार असा पाळला, की थोरांनी बघून शिकावं. वर्गात प्रश्न आला की तिचा डावा वर. मधल्या सुट्टीत एखाद्या आगाऊ पोरानं विचारलं, तुझा बाप कुठाय गं, की तिचा डावा वर. आणि नवल असं, की पोरंही मग गप्प होत. हळूहळू ती रीत साऱ्या शाळेत पसरली. घरी मार खाल्लेलं पोर, पाटी फुटलेलं पोर, सगळे डावा हात वर करू लागले आणि बाकीचे तिथून पुढं विचारणं सोडू लागले. मोठ्या माणसांना हे ठाऊक नव्हतं. मोठ्या माणसांना पोरांचं फारच थोडं ठाऊक असतं, आणि मास्तर लोक त्यात पहिले.

पोरगी पुढं बोलू लागली, हसू लागली, चिंचा पाडू लागली. पण गुरुजींच्या मनात ती डाव्यातली ती डाव्यातलीच राहिली.

तोवर हवाही बदलली होती. लातूरचं नाव सगळ्या राज्यात गाजू लागलं होतं. नांदेडलाही गल्लोगल्ली शिकवण्यांच्या पाट्या चढल्या. आधी दहावी-बारावीची पोरं जायची, मग आठवीची, आणि आता तर नवोदयच्या परीक्षेसाठी चौथी उरकलेल्या लेकरांच्याही उन्हाळी शिकवण्या सुरू झाल्या. हिवरवाडीत ज्यांच्या घरी बरं होतं, ते पोराला घेऊन लातूरला खोली करू लागले. गुरुजींना याचा केवढा उत्साह. हे पोरगं माझं, ही पोरगी माझी, असं म्हणत ते स्वतः एसटीनं त्यांना पोचवून येत. शिवकांताच्या चौथीच्या वर्षी परीक्षा आटोपली तशी तिच्या वर्गातली शिल्पा आणि तिच्याबरोबरची उजव्यातली आणखी दोघं निकालाचीही वाट न बघता लातूरला गेली. वर्गात खात्रीचा असा एक शहेबाज राहिला. बाप शिलाईचं दुकान टाकून लोह्याला, आई रहमतबी गावात, आणि शहेबाजचं वाचन असं की रेडिओ लावल्यासारखं.

निकाल तर तयारच होता. वार्षिक परीक्षेत गुरुजी फळ्यावर उत्तरं लिहून देत आणि पोरं उतरून काढत, तेव्हा सगळ्यांचे गुण एका माळेचे मणी. शाळेचा निकाल शंभर टक्के. नापास कुणी नाही, आणि खरं म्हणजे पास कोण तेही कुणाला ठाऊक नाही.

एप्रिल सरत आला तेव्हा गुरुजी ओसरीवर प्रगतीपुस्तकं भरत बसले होते. सबिहा मॅडम शेजारी बसून आपल्या वर्गाची भरत होत्या. त्यांनी सहज सांगितलं, की शिवकांता हल्ली मधल्या सुट्टीत पहिलीच्या पोरांना गोष्टी वाचून दाखवते, आणि पोरं तिला सोडत नाहीत. गुरुजींनी मान वर केली नाही. पाठ केल्या असतील ऐकून ऐकून, ते म्हणाले. मॅडम काही बोलायच्या बेतात होत्या, पण गुरुजी हेडमास्तर आणि त्या वयानं त्यांच्या मुलीसारख्या. त्यांनी शाईचा पेन झटकला आणि पुढचं पान घेतलं.

त्याच दिवशी उन्हं कलल्यावर ज्ञानोबा आला. डोक्याचं मुंडासं काढून पायरीवर बसला. त्याला एवढंच विचारायचं होतं की भाचीचं पुढं काय करावं. पाचवी लोह्याला. एसटी गावात येत नाही, फाट्यापर्यंत पायी जायचं, कुणीतरी सोबत लागणार. इकडं त्याच्या साडूच्या घरी, उमरीला, नवं बाळ झालं होतं आणि घरात एक हाताखालची पोरगी हवी होती. खाऊनपिऊन राहील, पुढं लग्नाचंही बघतो म्हणाले होते. केवळाबाई काही बोलत नव्हती. भावाच्या दारात राहणाऱ्या बाईनं बोलावं तरी काय.

"पोरगीत काही असंल तर लोह्याला घालतो, गुरुजी," ज्ञानोबा म्हणाला. "मग मी सोता फाट्याला सोडीन रोज. नसंल तर उमरीला धाडतो. तुम्ही म्हणाल तसं."

गुरुजींचं अर्धं लक्ष बेरजेत होतं. शाईचा डाग पडला होता, तो ते खडूनं टिपत होते. त्यांनी तसंच खाली बघत म्हटलं, "डाव्यातली हाय ती, ज्ञानोबा. कशाला उगं तंगडतोड."

ज्ञानोबा बरं म्हणाला, मुंडासं बांधलं आणि गेला. एका पोरीचं आयुष्य असं एका डागाच्या निमित्तानं ठरून गेलं, आणि गुरुजींनी पुढचं नाव लिहायला घेतलं.

एक मेला झेंडावंदन आणि निकाल एकाच वेळी असे. सकाळीच गाव जमलं. बाप्ये भिंतीच्या सावलीला, बाया पलीकडं, पोरं मधे मैदानात रांगा धरून मातीत बसलेली. झेंडा चढला, गीत झालं, आणि गुरुजी निकाल वाचायला उठणार तोच फाट्याकडून धुरळा उडवत जीप आली. विस्तार अधिकारी साहेब. दुसऱ्या गावाला निघाले होते, वाटेत म्हणाले जाऊ या हिवरवाडीला, हात बघू या. त्यांना त्या शाळेत बरं वाटायचं.

उजव्यातली पोरं लातुरात होती. गुरुजींनी रांगांवरून नजर फिरवली, शहेबाज दिसला, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

साहेब मजेत होते. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांनी पोरांना विचारलं, सकाळी भाकर खाऊन कोण कोण आलं? सगळे हात वर. साहेब हसले, वा वा म्हणाले. गुरुजीही सवयीनं हसले, आणि हसता हसताच त्यांना काहीतरी खटकलं. शहेबाजचा डावा हात वर होता.

शहेबाजनं डावा हात कधी केलाच नव्हता. गुरुजींना वाटलं, पोरगं चुकलं. मग त्यांना आठवलं की रहमतबी काल संध्याकाळीच माहेरी कुणाच्या तरी आजारपणाला हदगावला गेली, आणि घरात चूल पेटवायला कुणी नाही. त्यांनी दुसरीकडं बघितलं. जिचा बाप परगावी कामाला गेला होता तिचा डावा. ज्या घरात तीन दिवस पीठ नाही असं सबिहा मॅडम म्हणाल्या होत्या, त्या दोघा भावांचे डावे. आणि शिवकांताचा उजवा. तिला तिच्या आईनं खाऊ घालून आणलं होतं.

पोरं चुकत नव्हती. पोरं खरं सांगत होती. साहेबाला हात दिसत होते आणि गुरुजींना भूक दिसत होती, गावाचं लक्ष साहेबाकडं होतं, आणि त्या साऱ्या मैदानात ती वाचणारे शिकलेले गृहस्थ ते एकटेच होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. नऊ-दहा वर्षांच्या लेकरांना आपण काय शिकवलं, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. नाही म्हणायचं असलं तरी हो म्हटल्यासारखं दिसायचं, हे शिकवलं. पण माणसाला लाज वाटली म्हणून माणूस लगेच सुधारतो असं कुठं आहे?

साहेबांनी जीपमधून वर्तमानपत्र मागवलं. ते उंच धरून म्हणाले, "आता सांगा बरं, हा पेपर कोण वाचून दाखवील?"

हात वर गेले. डावे, डावे, डावे. शहेबाजचा उजवा. आणि त्याच्या मागच्या रांगेत आणखी एक उजवा. शिवकांता.

हात चांगला ताठ होता. बोटं जुळलेली, कोपर सरळ, जसं त्यांनीच शिकवलं होतं तसं. ती गुरुजींच्या डोळ्यांत बघत होती. गुरुजींनीही तिच्याकडं बघितलं, आणि त्यांच्या मनात आलं, पोरगी गोंधळली. गर्दीला भ्याली आणि भलताच हात वर गेला. हिला उठवलं आणि हिची दातखीळ बसली, तर साऱ्या गावादेखत तिचंही हसं आणि शाळेचंही. असं ते स्वतःला म्हणाले. मघाशी ज्या माणसानं भाकरीच्या बाबतीत पोरांचे हात खरे मानले, त्यानंच आता तो हात खोटा मानला. साहेब म्हणाले, तुम्हीच सांगा गुरुजी, कुणाला उठवू? आणि गुरुजी म्हणाले, "शहेबाज."

शहेबाज उठला आणि उपाशीपोटी, पण घडाघडा वाचत गेला. साहेबांनी टाळी वाजवली, गावानं वाजवली. बाकीचे हात केव्हाच खाली गेले होते. शिवकांताचा तेवढा बराच वेळ वर होता. मग तिनं तो आपला आपण खाली घेतला आणि मांडीखाली ठेवून दिला.

गुरुजींनी ते बघितलं. बघायचं नव्हतं, तरी बघितलं.

साहेब भाषणाला उठले. देश पुढं चाललाय, लातूरनं नाव काढलंय, मराठवाड्याचं पोर आता कुठंही मागं नाही, वगैरे बोलले. मग चौथीच्या रांगेकडं वळून त्यांनी विचारलं, "मग काय रे, जूनमध्ये पाचवीला कोण कोण जाणार?"

सगळे हात वर. शिवकांताचाही वर. डावा.

पलीकडं बायांमध्ये केवळाबाईनं पदर तोंडाला लावला. पोरीचं गाठोडं घरी बांधून ठेवलेलं होतं, उमरीची गाडी दुपारची होती. साहेब म्हणाले, शाब्बास, शंभर टक्के. आणि गुरुजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. निकालाचा कागद त्यांच्या हातात होता. त्यावर त्या पोरीच्या नावापुढं त्यांच्याच अक्षरात पास लिहिलेलं होतं आणि त्यांच्याच तोंडानं त्यांनी तिला नापास करून उमरीला धाडलं होतं. कागद वाचायला त्यांनी तोंड उघडलं, पण भलतंच निघालं.

"शिवकांता, ऊठ."

ती उठली नाही. रांगेतली पोरं वळून तिच्याकडं बघू लागली. तिनं हात आणखी जरा वर केला, गुरुजींना दिसत नसावा म्हणून.

"गुरुजी, माझा डावा हाय," ती म्हणाली.

गावातल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. साहेबांनी विचारलं, डावा म्हणजे काय? आणि तेव्हा मात्र गुरुजींनी सांगून टाकलं. काही राखलं नाही. उजवा कशाचा, डावा कशाचा, किती वर्षं चाललंय, सगळं. सांगताना ते साहेबांकडं बघत नव्हते, पोरांकडंही नाही; दोघांच्या मधे कुठंतरी मातीकडं बघत होते. पितळ दुसऱ्यानं उघडं पाडलं तर माणूस निदान चिडू तरी शकतो. आपल्याच हातानं उघडं केल्यावर तीही सोय राहत नाही.

साहेब रागावतील असं सगळ्यांना वाटलं. ते रागावले नाहीत. साहेब होण्याआधी तेही मास्तरच होते, आणि आपल्या बुटांकडं ते ज्या तऱ्हेनं बघू लागले त्यावरून ही युक्ती त्यांना अगदीच नवी नसावी. वर्तमानपत्राची घडी त्यांनी गुपचूप गुरुजींकडं सरकवली.

गुरुजी रांगेत गेले. पहिलीच्या त्या दिवशी बसले होते तसे तिच्यासमोर उकिडवे बसले. आता गुडघे लवकर वाकत नव्हते.

"मघाशी पेपरला तुझा उजवा होता," ते म्हणाले.

"हाव."

"येतंय तुला वाचाया?"

"हाव."

"कवापासून उजवा करून राहिलीस तू?"

"तिसरीपासून," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं.

तिसरीपासून. म्हणजे दोन वर्षं हा हात त्यांच्यासमोर वर होत होता, आणि त्यांनी तो एकदाही बघितला नव्हता. शिल्पाकडं बघितलं होतं, शहेबाजकडं बघितलं होतं. आपण पोरांत डावं-उजवं करत नाही, असं ते चारचौघांत छाती ठोकून सांगत आले होते. त्यांनी पेपर तिच्या हातात दिला.

शिवकांता उभी राहिली. पेपर मोठा होता, तिला नीट धरता येईना; शेजारच्या पोरीनं एक कोपरा धरला. जे पान समोर आलं ते तिनं वाचायला घेतलं. ती लातूरच्या कुठल्याशा शिकवणीची जाहिरात होती. प्रवेश सुरू, मोजक्याच जागा, अनुभवी शिक्षक, प्रत्येक विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष. वैयक्तिकला ती अडली, मागं गेली, पुन्हा सुरू केलं आणि पार पडली. शहेबाजसारखं घडाघडा नव्हतं ते. दमादमानं, बोट ठेवून, पण एकेक अक्षर स्वतःचं स्वतः काढून वाचत होती. पहिलीची पोरं, ज्यांना ती गोष्टी वाचायची, ती पुढं सरकून ऐकू लागली. सबिहा मॅडम डोळे पुसत होत्या. त्या एप्रिलमध्ये गप्प बसल्या होत्या ते त्यांनाही लागत होतं.

वाचून झालं तरी टाळी वाजली नाही. कुणाला वाजवावीशी वाटली नाही.

भिंतीच्या सावलीतून ज्ञानोबा उठला. रांगा ओलांडत आला, भाचीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिथूनच बायांच्या बाजूला बघून बहिणीला म्हणाला, "केवळे, गाठोडं सोड. उमरीला निरोप धाडू, पोरगी येत न्हाई म्हणून. जूनपासनं मी सोडीन हिला फाट्याला."

केवळाबाईनं मान हलवली.

मग ज्ञानोबा गुरुजींकडं वळला. तो भांडखोर माणूस नव्हता, आवाजही चढवला नाही. त्यानं उगीच जाणून घ्यायचं म्हणून विचारल्यासारखं विचारलं, "गुरुजी, पोरगी चार वर्सं तुमच्या शाळेत बसती. पार मातीत घालाया निघालो होतो मी, तुमच्या एका बोलावर. तिला वाचता येतंय, हे तुम्हाला म्हाईत न्हवतं?"

माहीत होतं म्हणावं तर पाप, माहीत नव्हतं म्हणावं तर मास्तर कशाचे? साहेब बघत होते, गाव बघत होतं, पोरांच्या रांगा बघत होत्या. आणि मग, आपण काय करतो आहोत हे कळायच्या आधीच, गुरुजींचा डावा हात वर गेला.

मोठ्यांना ठाऊक होता तो उत्तर न येणाऱ्याचा डावा; पोरांचा डावा त्यांना ठाऊक नव्हता. ज्ञानोबा त्या हाताकडं बघत राहिला, त्याला वाटलं गुरुजी थांब म्हणतायत. त्यानं पुन्हा विचारायला तोंड उघडलं. पण पोरं एकदम गप्प झाली होती, आणि शिवकांतानं मामाचा सदरा खाली ओढला.

"त्यांला नका इचारू, मामा," ती हळूच म्हणाली. "डावा हाय त्यांचा."

ज्ञानोबानं तोंड मिटलं. आणि मग त्या सकाळी गुरुजींना कुणीच काही विचारलं नाही. निकाल सबिहा मॅडमनी वाचला.